उरलेलें औषध आणि शेजारधर्म



घरांतील रोगी बरा झाला, अथवा प्रभूनें त्यास आपल्याकडे बोलावून घेतलें, म्हणजे फळीवर एक लहानसा डबा मागें राहतो. त्यांत अर्धवट वापरलेलीं गोळ्यांचीं पाकिटें, तळाशीं थोडें औषध असलेली बाटली, मलमाची नळी आणि डॉक्टरांची चुरगळलेली चिठ्ठी असते. झाडलोट करतांना घरची बाई तो डबा हातीं घेते आणि थांबते. टाकून द्यावा तर मोलाचा पैसा उकिरड्यावर जातो. ठेवून द्यावा तर औषधाची मुदत संपते. आणि त्याच आळींत, चार घरें पलीकडे, तशाच दुखण्यानें पडलेला एक गरीब असतो, ज्यास औषध विकत घेण्याचें सामर्थ्य नाहीं.

आपण असें समजूं कीं, ही बाई आपल्याच मंडळींतील एक विधवा आहे. तिचा नवरा रक्तदाबाच्या विकारानें बरेच दिवस आजारी होता. कर्ज काढून तिनें महिन्याच्या गोळ्या आणल्या, आणि त्यांतल्या निम्म्या उरल्या असतां तो निवर्तला. शेजारच्या मजुरासही रक्तदाब आहे असें तिनें ऐकलें आहे. तिनें त्या गोळ्या नेऊन त्यास द्याव्या काय? ही प्रीति होईल कीं अविचार? आणि न दिल्यास तिच्या माथीं दोष येईल कीं नाहीं?

हा प्रश्न दिसतो लहान, पण पुष्कळ घरांत तो उभा राहतो आणि त्याचें उत्तर बहुधा विचार न करतां दिलें जातें. कोणी म्हणतो, देण्यासारखें पुण्य नाहीं, उद्यां कशाला, आजच दे. दुसरा म्हणतो, भलत्याच भानगडींत पडूं नको, सगळें नदींत टाक. पहिल्याच्या बोलण्यांत दया आहे, दुसऱ्याच्या बोलण्यांत सावधगिरी आहे. तथापि माझ्या मतें दोघेही चुकतात. ते कसें, हें पवित्र शास्त्राच्या व अनुभवाच्या उजेडांत पाहूं.

प्रथम, देण्याच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. आपल्या प्रभूनें डोंगरावर पांच हजारांस जेवूं घातलें, आणि सर्व तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांस सांगितलें. ज्याच्या शब्दासरशीं भाकरी वाढत होत्या, त्यास बारा टोपल्या तुकड्यांची काय गरज होती? तरी त्यानें ते वाया जाऊं दिले नाहींत. देवाच्या देणगीची नासाडी करण्याचा अधिकार भरपूर मिळालेल्यासही नाहीं, हा धडा त्यांत आहे. तसेंच मोशेच्या नियमशास्त्रांत शेतकऱ्यास आज्ञा होती कीं, कापणीच्या वेळीं शेताचा कानाकोपरा झाडून नेऊं नये आणि मागें पडलेला सरवा वेंचण्यास परत जाऊं नये. तो गरिबाचा, विधवेचा व परक्याचा आहे. सरवा ही मालकानें मेहेरबानीनें घातलेली भीक नव्हे, तर गरिबाचा हक्क होता. याच हक्कावर रूथ बवाजाच्या शेतांत गेली. मग आपल्या फळीवर उरलेलें औषध हा एका प्रकारचा सरवाच नव्हे काय? तें डब्यांत कुजवणें म्हणजे गरिबाचा वांटा अडवून धरणें नव्हे काय?

हें म्हणणें बळकट आहे, आणि जो कोणी तें हसण्यावारी नेईल त्यानें एकदां गरिबाच्या झोपडींत जाऊन पाहावें. ज्याच्या घरांत मजुरी मिळेल त्या दिवशींच चूल पेटते, त्यास जन्मभर घ्यावयाच्या गोळीचा खर्च म्हणजे रोजचा एक नवा सावकार आहे. पुष्कळ जण म्हणून एक दिवसाआड गोळी घेतात, किंवा पुढच्या महिन्यांत मुळींच घेत नाहींत. ज्या हृदयांत ख्रिस्ताचा आत्मा आहे, त्यास हें पाहून स्वस्थ बसवणार नाहीं.

परंतु सरवा आणि औषध यांत एक मोठें अंतर आहे. ज्वारीचें कणीस ज्वारीचेंच आहे हें मालकास ठाऊक असतें व वेंचणारीसही ठाऊक असतें. दोघींच्या पोटांत तें सारखेंच पचतें. औषधाचें तसें नाहीं. आणि येथें मला शास्त्रांतील एक दुसरी गोष्ट आठवते, जी आपल्या उपासनेंत क्वचित् वाचली जाते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत गिलगाल येथील दुष्काळाची हकीकत आहे. अलीशा संदेष्टा तेथें आला होता व त्याच्यापुढें संदेष्ट्यांचे शिष्य बसले होते. त्यानें चाकरास सांगितलें कीं, मोठें भांडें चुलीवर चढवून सर्वांसाठीं शाकभाजी शिजीव. तेव्हां एक जण आपण होऊन शेतांत गेला. त्यास एक रानवेल दिसला. त्याचीं फळें त्यानें ओंजळभर नव्हे तर पदर भरून तोडून आणलीं आणि चिरून भांड्यांत घातलीं. तीं कसलीं फळें, हें कोणास ठाऊक नव्हतें. वाढल्यावर लोकांनीं घांस तोंडांत घातला आणि ते ओरडले कीं, या भांड्यांत मरण आहे.

हा मनुष्य दुष्ट होता काय? मुळींच नाहीं. तो आळशीही नव्हता आणि कृपणही नव्हता. भुकेल्यांसाठीं तो उन्हांत रानांत गेला आणि त्यानें पदर भरून आणलें. त्याची प्रीति खरी, त्याचे श्रम खरे, आणि भांड्यांतलें विषही खरें. त्याच्याजवळ एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे आपण काय देत आहों याचें ज्ञान. प्रीति आहे एवढ्यानें विष अमृत होत नाहीं.

असेंच आपल्या काळांत घडलें आहे. इ. स. १९९३ सालीं युरोपांतील लिथुआनिया देशांत दान म्हणून आलेल्या औषधांत क्लोसँटेल नांवाचें एक औषध होतें. त्याबरोबर माहितीचा कागद नव्हता. तेथील डॉक्टरांनीं दुसऱ्या औषधांच्या नांवांशीं तें नांव ताडून पाहून उपयोगाचा तर्क केला आणि स्त्रियांच्या गर्भाशयाच्या विकारावर तें दिलें. वास्तविक तें गुराढोरांच्या पोटांतील जंतांवरचें औषध होतें. त्यामुळें अकरा स्त्रियांची दृष्टी कांहीं काळ गेली. देणाऱ्याचा हेतु चांगला होता आणि घेणारे तर शिकलेले डॉक्टर होते. जेथें डॉक्टरही फसले, तेथें आपण काळोख्या खोलींत कंदिलाच्या उजेडांत पाकिटावरचीं बारीक अक्षरें वाचून शेजाऱ्यास काय देणार?

कोणी म्हणेल, आमची गोष्ट वेगळी आहे. रोग तोच आणि गोळीही डॉक्टरांनींच दिलेली. परंतु रोगाचें नांव एक असलें म्हणून दोन शरीरें एक होत नाहींत. रक्तदाबावर अॅटेनोलॉल ही गोळी पुष्कळांस दिली जाते. ती दम्याच्या रोग्यास दिली तर त्याचा श्वास कोंडूं शकतो. त्याच रक्तदाबावर एनालाप्रिल ही गोळी आहे. ती गरोदर स्त्रीनें घेतल्यास पोटांतील बाळास अपाय होतो. मधुमेहावरची ग्लिमेपिराईडची गोळी उपाशीं पोटीं कामास जाणाऱ्या मजुरानें घेतली, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरून तो बांधावरच बेशुद्ध पडेल. पावसाळ्यांत ताप आला म्हणून कोणी घरांतली अॅस्पिरीन अथवा आयबुप्रोफेनची गोळी देतो. पण तो ताप डेंगीचा असेल तर अशा गोळ्यांनीं रक्तस्राव वाढण्याचें भय असतें. पेनिसिलिन हजारोंचे प्राण वांचवितें, परंतु ज्यास तें सोसत नाहीं त्याचा प्राण तें घटकाभरांत घेऊं शकतें. मोठ्या माणसाची गोळी मोडून लेंकरास देणें तर त्याहून वाईट, कारण लेंकराची मात्रा त्याच्या वजनावरून ठरते. ती अंदाजानें ठरत नाहीं. पौलानें तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याकरितां थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला तीमथ्यास होता. त्यावरून सर्व मंडळीनें द्राक्षारस प्यावा असें कोणी समजूं लागल्यास आपण त्यास थांबवितों. डॉक्टरांची चिठ्ठी हीही अशीच एका माणसाच्या नांवानें लिहिलेली असते.

आतां मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण या विषयावर मीं लिहावें आणि ती लपवून ठेवावी हें बरें नव्हे. एका खेड्यांत मी उपदेशकाचें काम करीत असतां माझ्याजवळ लेव्होफ्लॉक्सासिनच्या पांच गोळ्या उरल्या होत्या. त्या मला लघवीच्या विकारावर मिळाल्या होत्या. मला बरें वाटतांच मीं त्या घेण्याचें सोडलें होतें. मंडळींतील एक वृद्ध बरेच दिवस खोकत होता. तालुक्याच्या गांवीं जाण्यास त्याच्याजवळ भाडें नव्हतें. मीं त्यास त्या गोळ्या दिल्या, त्याच्यासाठीं प्रार्थना केली आणि समाधानानें घरीं आलों. खोकला थोडा हटला. चार दिवसांनीं तो टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझे आभार मानण्यास आला. मग खोकला परत आला, पण आपल्यास गुण येत आहे असें मानून तो आणखी दोन महिने दवाखान्यांत गेला नाहीं. शेवटीं थुंकी तपासली तेव्हां क्षयरोग निघाला. पुढें मला डॉक्टरांकडून कळलें कीं, हें औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडें चालतें; म्हणून रोग कांहीं काळ दबतो, निदान लांबतें, आणि अपुऱ्या मात्रेला जंतु सरावतात. देवाच्या दयेनें तो वृद्ध बरा झाला. परंतु त्या दोन महिन्यांत त्याच्या झोपडींत तीन लेंकरें त्याच्या शेजारीं निजत होतीं. त्या शेंगांची टोपली मला अजून आठवते.

यांत माझी चूक एक नव्हे, दोन होत्या. मीं दिलें ही एक. पण माझ्याजवळ उरलें कसें ही त्याच्या आधींची. जंतुनाशक औषध डॉक्टर मोजून देतात, तें संपविण्यासाठीं. तें उरलें म्हणजे बहुधा रोग्यानें उपचार अर्धा टाकला असें समजावें. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी दवाखान्यांत त्याचें औषध विनामूल्य मिळतें. त्यांतल्या गोळ्या कोणाच्या घरीं शिल्लक दिसल्या तर त्या कोणास द्याव्या हा प्रश्नच नाहीं, त्या घरच्या रोग्यास पुन्हां दवाखान्यांत पोंचवावें हाच प्रश्न आहे. म्हणून दानाचा विचार करण्यापूर्वीं डब्यापुढें उभें राहून आपण विचारावें: हें उरलें कां? कधीं कधीं डब्यांत आपणांस देणगी नव्हे, आपलीच हयगय सांपडेल.

आणखी एक बाजू आहे, आणि ती अंतःकरणाची आहे. आपण काय देतों आणि कां देतों? मलाखी संदेष्ट्याच्या काळीं लोक वेदीवर आंधळीं, लंगडीं व रोगट जनावरें आणीत. देवानें त्यांस विचारलें कीं, असलें जनावर तुम्हीं आपल्या सुभेदारास नजर कराल काय? ज्यास आपण भितों त्यास चांगलें, आणि ज्यास आपण भीत नाहीं त्यास निरुपयोगी, हा मनुष्याचा जुना स्वभाव आहे. गरिबाला आपण भीत नाहीं, म्हणून त्याच्या वांट्यास फाटकें वस्त्र, शिळें अन्न आणि मुदत संपलेलें औषध येतें.

राष्ट्रांनींही असेंच केलें आहे. इ. स. १९८८ सालीं आर्मेनियांत भयंकर भूकंप झाला. जगानें दयेनें पांच हजार टन औषधें व सामान धाडलें. तें काय काय आहे हें समजण्यास पन्नास माणसांस सहा महिने लागले. त्यांतील शेंकडा आठ औषधें पोंचलीं तेव्हांच मुदतीबाहेर गेलेलीं होतीं, शेंकडा चार हिमानें नासलीं, आणि उरलेल्यांपैकीं शेंकडा तीसच सहज ओळखतां आलीं. पुढें बॉस्नियाच्या युद्धांत, १९९२ पासून १९९६ च्या मध्यापर्यंत, सुमारें सतरा हजार टन निरुपयोगी औषधें त्या देशांत सांठलीं. घरें जळालेल्या लोकांच्या गळ्यांत दुसऱ्यांच्या कपाटांतला केर बांधला गेला.

या अनुभवांवरून जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ सालीं औषधांच्या दानाविषयीं नियम प्रसिद्ध केले आणि १९९९ व २०१० सालीं ते सुधारले. त्यांचें सार असें आहे. दान घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणें व संमतीनें असावें. जें औषध देणाऱ्याच्या देशांत हलकें ठरेल तें दुसऱ्यास चांगलें ठरूं नये. एकदां रोग्याच्या हातीं जाऊन परत आलेलें औषध दुसऱ्या देशास पाठवूं नये. पोंचतें वेळीं निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि वरील माहिती तेथील लोकांस समजेल अशा भाषेंत असावी. मलाखीच्या सुभेदाराचा प्रश्न आणि हा नियम यांत अंतर नाहीं: जें मला चालणार नाहीं, तें माझ्या भावालाही नको.

तर मग दुसरा मनुष्य, जो म्हणत होता कीं सगळें नदींत टाक, तोच खरा ठरला काय? नाहीं. नदींत टाकलेलें औषध पाण्यांत विरतें, आणि तें पाणी गुरें व माणसें पितात. शिवाय गिलगालची गोष्ट भांडें ओतून देण्यावर संपत नाहीं. अलीशानें पीठ मागविलें, भांड्यांत टाकलें, आणि तेंच अन्न लोकांस वाढविलें. ज्यास ज्ञान होतें त्याच्या हातीं भांडें गेलें, तेव्हां भुकेले तृप्त झाले. माझ्या मतें आपल्या प्रश्नाची किल्ली येथें आहे. उरलेलें औषध माझें एकट्याचें नव्हे, म्हणून तें मीं अडवून ठेवूं नये. पण तें कोणास योग्य हें ठरविण्याचें ज्ञानही माझें नव्हे, म्हणून तें मीं आपल्या हातानें रोग्याच्या तोंडांत घालूं नये. तें जाणत्याच्या हातीं द्यावें.

असें करणें शक्य आहे याचे दाखले आहेत. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत २००७ सालापासून अशी व्यवस्था सुरू झाली कीं, न उघडलेलीं, मोहोरबंद औषधें एके ठिकाणीं जमवावीं, औषधशास्त्र शिकलेल्या माणसानें एकेक तपासावें, आणि मग ज्यांस डॉक्टरांची चिठ्ठी आहे पण पैसा नाहीं त्यांस द्यावें. आपल्या देशांत दिल्ली शहरीं ओंकारनाथ शर्मा या निवृत्त रक्तपेढी-कर्मचाऱ्यानें २००८ सालीं मेट्रोचा बांधकामांतील पूल कोसळून गरीब मजुरांचे हाल झालेले पाहिले, आणि त्यानंतर घरोघर हिंडून न वापरलेलीं औषधें मागण्याचें व्रत घेतलें. लोक त्यांस मेडिसिन बाबा म्हणूं लागले. जमविलेलीं औषधें ते धर्मादाय दवाखान्यांकडे व रुग्णालयांकडे पोंचवीत. आपणही त्यांच्यासारखे पाय झिजवावे, आणि शेवटचा निवाडा दवाखान्याकडे सोंपवावा. याच्या उलट फ्रान्स देशानें दुसरी वाट धरली. तेथें औषधांच्या दुकानांतून उरलेलीं औषधें जमवून परदेशच्या गरिबांकडे पाठविण्याची चाल होती. ती २००८ सालाच्या अखेरीस बंद करण्यांत आली, आणि जमलेलीं औषधें जाळण्यांत येऊं लागलीं. म्हणजे जेथें नीट तपासून, ओळखून देतां येतें तेथें द्यावें, आणि जेथें तें साधत नाहीं तेथें निर्धोकपणें नष्ट करावें. दोहींत शहाणपण आहे. दोहींत ज्ञान प्रीतीचा हात धरून चालतें.

आपल्या मंडळ्यांस हें नवीन वाटूं नये. डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय उघडलें. त्यांनीं औषधांची पेटी घेऊन गांवोगांव गोळ्या उधळल्या नाहींत. त्यांनीं रोग्यास तपासलें आणि या देशाच्या तरुणांस वैद्यकी शिकविण्याचीही व्यवस्था केली. दया ही शिकण्याचे कष्ट घेते, हें त्यांच्या कामांतून दिसतें.

आतां सर्वांत कठीण हरकत. एखादा खेड्यांतील बंधु म्हणेल, हें सर्व शहरवाल्यांस ठीक आहे. आमच्या येथें डॉक्टर दहा कोसांवर, गाडी मिळत नाहीं, रोगी कण्हत आहे, आणि माझ्या हातांत गोळी आहे. तुमचें ज्ञान येईपर्यंत तो मेला तर? या हरकतीस मी मान देतों. तिचें उत्तर केवळ मनाई करून होणार नाहीं. शिष्यांस प्रभूनें लोकांस निरोप देऊं दिला नाहीं. आणि उघड्या नागड्या भावास कांहीं न देतां नुसता आशीर्वाद देणाऱ्याच्या विश्वासास याकोब मेलेला म्हणतो. म्हणून जो म्हणेल कीं गोळी देऊं नको, त्यानें काय द्यावें हेंही सांगितलें पाहिजे.

यासाठीं चांगल्या शोमरोन्याकडे पाहा. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, कारण तेवढें त्यास कळत होतें आणि त्यानें अपाय नव्हता. परंतु तेथें तो थांबला नाहीं. त्यानें जखमी माणसास आपल्या जनावरावर बसविलें, आपण पायीं चालला, उतारशाळेंत नेलें, रात्रभर शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशीं मालकाच्या हातीं पैसे दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन असें वचन दिलें. थैलींतलें उरलेलें तेल हें त्याचें सर्वांत स्वस्त दान होतें. जनावर, वेळ, झोंप, पैसा आणि परत येण्याचें वचन, हीं महाग दानें होतीं. आणि त्याच दानांनीं तो मनुष्य वांचला.

मीं त्या वृद्धास पांच गोळ्या दिल्या, कारण त्या मला फुकट पडल्या होत्या. त्यास तालुक्यास नेण्याचें भाडें व माझा एक दिवस, हें मीं दिलें नाहीं, कारण त्याची मला किंमत पडली असती. अरवना यबूशी आपलें खळें व बैल फुकट देत असतां दावीद राजानें ते विकत घेतले. ज्याची आपणांस कांहीं किंमत पडली नाहीं असें अर्पण त्यास देवास करावयाचें नव्हतें. उरलेलें औषध देणें सोपें वाटतें तें बहुधा यासाठींच कीं, त्यानें आपण रोग्याबरोबर जाण्यांतून सुटतों.

म्हणून माझ्या उपदेशक बंधूंस व मंडळ्यांच्या पंचांस मी नम्रपणें पुढील गोष्टी सुचवितों.

पहिली: घरांत औषध आल्यावर तें शिस्तीनें पुरें करावें, म्हणजे उरणारच नाहीं. डॉक्टरांनीं बदलल्यामुळें किंवा रोगी निवर्तल्यामुळें उरलें, तर तें मूळ पाकिटांतच ठेवावें. कातरलेल्या पाकिटावरचें नांव व मुदत गेली म्हणजे त्या गोळीची ओळखच गेली. पत्र्याच्या छपराखालीं, चुलीजवळ ठेवलेलें औषध मुदतीच्या आधींही नासतें. लेंकरांचें पाण्यांत कालविलेलें जंतुनाशक औषध तर एक-दोन आठवड्यांतच निरुपयोगी होतें; तें कधींही दुसऱ्यास देऊं नये.

दुसरी: न उघडलेलीं, मुदतींतलीं पाकिटें चिठ्ठीसह जवळच्या धर्मादाय किंवा मिशनच्या दवाखान्यांत न्यावीं आणि ते घेतात काय हें विचारावें. त्यांनीं नाकारलें तर राग मानूं नये. तो त्यांचा अधिकार आहे. मंडळीनें मात्र स्वतः औषधांचा सांठा करून वांटूं नये. १९४० सालच्या औषधांच्या कायद्याप्रमाणें औषधें सांठवून वांटण्यास परवाना लागतो, आणि हा कायदा गरिबाच्या रक्षणासाठींच आहे. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे, तें चिठ्ठीवांचून कोणीं घेऊं नये, हें मंडळींत सर्वांस शिकवावें.

तिसरी: मुदत संपलेलें अथवा नाकारलेलें औषध नदींत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकूं नये; दवाखान्यांत विचारून त्याची विल्हेवाट लावावी. जुन्या औषधांत नुसता गुण कमी होतो असें समजूं नये. नासलेल्या टेट्रासायक्लिननें रोग्यांच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचें १९६३ सालींच डॉक्टरांनीं नमूद केलें आहे.

चौथी: जें प्रत्येकास निर्भयपणें देतां येतें तें शिकून घ्यावें. लेंकरास जुलाब लागले तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजावें, आणि दवाखान्याची वाट धरावी. हें औषध प्रत्येक घरांत आहे. त्यास चिठ्ठी लागत नाहीं.

पांचवी, आणि सर्वांत महत्त्वाची: मंडळीनें उपकारस्तुतीच्या दानांतून एक लहानसा औषधनिधि ठेवावा. त्यांतून रोग्याचें गाडीभाडें द्यावें, आणि सोबत एक माणूस पाठवावा. ज्यांस रोजची गोळी लागते त्यांस सरकारी आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. तेथें न मिळाल्यास चिठ्ठी घेऊन जनऔषधीच्या दुकानांतून, जी योजना २००८ सालीं सुरू झाली, कमी किंमतींत ती आणून द्यावी. असें औषध त्या रोग्याच्याच नांवाचें असतें, त्याच्याच शरीरास बेतलेलें असतें, आणि तें कोणाचें उष्टें नसतें.

आतां त्या विधवा भगिनीकडे परत जाऊं. ती डबा हातीं घेऊन अजून उभी आहे. तिला आपण काय सांगावें? बाई, तुझ्या मनांत जी दया आली ती देवाकडून आली. ती विझवूं नको. पण त्या गोळ्या शेजाऱ्याच्या हातांत देऊं नको. उद्यां सकाळीं त्या शेजाऱ्यास बरोबर घे, डबाही बरोबर घे, आणि दोघें दवाखान्यांत जा. डॉक्टर त्याचा रक्तदाब पाहतील. या गोळ्या त्यास योग्य व चांगल्या स्थितींत आहेत असें त्यांस वाटलें, तर ते तसें सांगतील आणि तुझें दान पूर्ण होईल. योग्य नसल्या तर दुसऱ्या लिहून देतील, आणि तरीही तुझें दान पूर्ण होईल. कारण त्या दिवशीं तूं त्यास गोळ्यांपेक्षां मोठी वस्तु दिलेली असेल. ज्या वाटेनें तूं आपल्या नवऱ्यास नेत होतीस, त्याच वाटेनें तूं दुसऱ्याच्या नवऱ्यास नेलेंस.

प्रभु आम्हां सर्वांस देण्यास उदार आणि जाणण्यास नम्र असें हृदय देवो. आमेन.